टोपलीभर माती

ठाणे हे तलावांचे शहर म्हणून प्रसिद्ध आहे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदराहून निघालेली पहिली प्रवासी आगगाडी याच ठाण्याला येऊन थांबली. या शहरात खोपट नावाचा एक भाग आहे. सिद्धेश्वर तलाव या भागात आहे आणि एस.टी.च्या गाड्यांचे स्थानकही तेथेच आहे. आज खोपटात उंच इमारतींची दाटी झाली आहे. परंतु काही वर्षांपूर्वीपर्यंत त्यांच्यामधून एखादे जुने कौलारू घर दिसत असे. अशाच एका घराच्या परसात ही गोष्ट घडली.

त्या घरात आजोबा, त्यांचा मुलगा, सून आणि दोन नातवंडे राहत होती. मोठी नात पाचवीत शिकत होती. तिला सर्वजण ताई म्हणत. धाकटा नातू दुसरीत होता. घर आजोबांच्या वडिलांनी बांधलेले होते. मागील अंगणात एक विहीर, दोन नारळ, एक सोनचाफा आणि कुंपणालगत थोडी मोकळी जागा होती. आजोबांचा दिवस त्या मोकळ्या जागेत उगवे आणि तेथेच मावळे.

एका वर्षी न्हाणीघराची पडकी भिंत बांधण्यासाठी नदीकाठची रेती आणली होती. भिंत झाली, उरलेली रेती कुंपणाजवळ तशीच पडून राहिली. पावसाळा संपला आणि आश्विन महिन्यात त्या रेतीत एक रोप दिसू लागले. त्याची पाने जमिनीसरशी गोल पसरली होती. पानांच्या कडा कातरलेल्या होत्या आणि अंगावर बारीक लव होती. ते रोप कोणी लावले नव्हते. रेतीबरोबर आलेले ते एक बिनबोलावलेले पाहुणे होते.

आईने ते पाहिले व ती म्हणाली, “हे तण दिसते. उपटून टाकावे.”

आजोबा म्हणाले, “सूनबाई, तण म्हणजे ज्याचे नाव आपल्याला ठाऊक नाही असे झाड. त्याला फूल येईपर्यंत थांबू. मग काय ते ठरवू.”

थंडीभर रोप तसेच जमिनीला बिलगून राहिले. धाकट्याला वाटले की ते वाढतच नाही. पण माघ महिन्यात पानांच्या मधून एक सरळ दांडा निघाला. तो वाढत वाढत धाकट्याच्या खांद्याला लागला. मग त्या दांड्यावर खालून वर अशी एकेक पिवळी फुले उमलू लागली. सकाळी फूल उमले, त्यावर मधमाश्या येत आणि पुढे पाकळ्या गळून पडत. दुसऱ्या दिवशी त्याच्या वरचे फूल उमले. मुलांनी त्या झाडाला ‘पिवळी काठी’ असे नाव ठेवले. उपटण्याची गोष्ट मग कोणी काढली नाही.

परंतु आजोबांना घरगुती नावावर समाधान नव्हते. त्यांनी एक फुलांची डहाळी वर्तमानपत्राच्या घड्यांत दाबून वाळवली आणि ती ते वनस्पतिशास्त्राच्या एका प्राध्यापकांकडे घेऊन गेले. ताईही बरोबर होती. प्राध्यापकांनी भिंगातून फूल पाहिले, पुंकेसर मोजले आणि ते म्हणाले, “ही तर मलीन. हिचे शास्त्रीय नाव व्हर्बास्कम चायनेन्स. भारताच्या मैदानी प्रदेशात, नदीकाठी, पडीक जागी, शेताच्या बांधावर ही वनस्पती उगवते. आपण तिच्यावरून रोज जातो, पण तिला ओळखत नाही.”

मग त्यांनी त्या नावाची हकिगत सांगितली. स्वीडनमधील थोर वनस्पतिशास्त्रज्ञ लिनिअस यांनी अठराव्या शतकात हजारो वनस्पतींना शास्त्रीय नावे दिली. ओलोफ सेल्सिअस या विद्वानाने विद्यार्थिदशेत लिनिअसला आश्रय दिला होता. त्या उपकारांची आठवण म्हणून लिनिअसने वनस्पतींच्या एका गटाला ‘सेल्सिया’ असे नाव दिले. ज्यांच्या नावाने उष्णतामापकाचे अंश मोजतात ते अँडर्स सेल्सिअस हे याच ओलोफ यांचे पुतणे. आपली पिवळी काठी पुष्कळ वर्षे सेल्सिया या नावानेच ओळखली जात होती. कारण तिच्या फुलात चार पुंकेसर असतात आणि मलीनच्या इतर अनेक जातींत पाच. पुढे हा भेद लहानसा आहे असे अभ्यासकांना दिसून आले आणि दोन्ही गट एक झाले.

“हिच्या आजच्या नावाशी महाराष्ट्राचा जवळचा संबंध आहे,” प्राध्यापक पुढे म्हणाले. “फादर सांतापाव हे जन्माने स्पॅनिश, पण मुंबईच्या सेंट झेवियर महाविद्यालयात त्यांनी वनस्पतिशास्त्र शिकवले. पुढे ते भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेचे प्रमुख झाले. त्यांनी पुरंदर किल्ल्यावरील व भोवतालच्या वनस्पतींचा बारकाईने अभ्यास करून एक ग्रंथ लिहिला. या वनस्पतीला मलीनच्या गटात बसवून तिचे आजचे नाव त्यांनी त्या ग्रंथात दिले.”

ताईला फार नवल वाटले. जे झाड तण म्हणून उपटले जाणार होते, त्याच्या नावात स्वीडन, स्पेन आणि पुरंदर यांची गाठ पडली होती!

हिमालयात या वनस्पतीची एक थोरली बहीण आढळते. तिचे नाव व्हर्बास्कम थॅप्सस. हिंदीत तिला गीदड तंबाकू म्हणतात. तिचे आयुष्य दोन वर्षांचे असते. पहिल्या वर्षी ती फक्त पाने पसरते. पाने एक फुटापर्यंत लांब आणि घोंगडीसारखी लवदार असतात. ही लव तिचे अनेक प्रकारे रक्षण करते. पानांतील ओलावा तिच्यामुळे लवकर उडून जात नाही आणि गुरे अशा पानांना सहसा तोंड लावत नाहीत. पहिल्या वर्षी पानांनी तयार केलेले अन्न मुळात साठते. त्या शिदोरीवर दुसऱ्या वर्षी माणसाहून उंच असा दांडा उभा राहतो, फुले येतात, बी पिकते आणि झाड मरते. एका मोठ्या झाडाला एक लाखाहून अधिक बिया येऊ शकतात. युरोपात पूर्वी हे वाळलेले दांडे चरबीत बुडवून त्यांच्या मशाली करीत. माणसांनी ही वनस्पती अमेरिकेत नेली आणि तेथे ती शेतात व रस्त्यांच्या कडेला इतकी पसरली की लोक तिला तण मानू लागले. म्हणून दूरदेशीचे बी आणून आपल्या रानात टाकणे शहाणपणाचे नसते. आपल्याच मातीतील मलीन आपल्या बागेस पुरे आहे.

वैशाखात पिवळ्या काठीच्या फुलांच्या जागी लहान लहान बोंडे आली आणि वाळून तपकिरी झाली. आजोबांनी ताईला दांड्याखाली कागद धरायला सांगितले व दांडा हलकेच झटकला. कागदावर काळपट भुकटी पडली.

“ही तर तपकीर आहे!” धाकटा म्हणाला.

“तपकीर नव्हे, बी आहे. भिंग लावून पाहा,” आजोबा म्हणाले. एकेक बी मिलिमीटरभरही नव्हते. अर्धे बी कागदावर आले, अर्धे झाडाच्या बुंध्याशी मातीत सांडले. या बियांना ना पंख ना कापूस. म्हणून त्या वाऱ्याने फार दूर जात नाहीत.

पावसाळा संपल्यावर आजोबांनी लागवडीची तयारी केली. ठाण्याला पाऊस फार पडतो आणि मलीनला पाणी साचलेले मुळीच खपत नाही, मुळे कुजतात. म्हणून त्यांनी विटांचे तुकडे तळाशी घालून वीतभर उंच वाफा केला आणि वरच्या मातीत निम्मी रेती मिसळली. शेणखत त्यांनी अगदी थोडे घातले. “गरिबीत वाढलेले हे झाड आहे. फार खत मिळाले तर ते मऊ पडते आणि वाऱ्याने कोलमडते,” असे ते म्हणाले.

बी पेरण्यापूर्वी त्यांनी ताईकडून एक प्रयोग करविला. दोन पसरट कुंड्या घेतल्या. एकीत मातीवर बी नुसते भुरभुरले व हाताने हलके दाबले. दुसरीत बी टाकून त्यावर दोन बोटे मातीचा थर दिला. दोन्ही कुंड्यांना झारीने सारखे पाणी घातले. बाराव्या दिवशी पहिल्या कुंडीत मोहरीहून लहान अशी हिरवी पाने दिसली. दुसरी कुंडी उघडी बोडकी राहिली.

“दुसऱ्या कुंडीतले बी मेले,” ताई खिन्नपणे म्हणाली.

“मेले नाही, थांबले आहे,” आजोबा म्हणाले. “बी जितके लहान, तितकी त्याची शिदोरी लहान. खोल मातीतून वर यायला निघाले तर वाटेतच शिदोरी संपेल. म्हणून ते उजेडाची वाट पाहते. उजेड लागला की त्याला कळते, आपण मातीच्या वरच्या थरात आलो. आता निघायला हरकत नाही.”

ताईने दुसऱ्या कुंडीतील माती हाताने वरखाली केली. पंधरवड्याच्या आत तेथेही चार-पाच अंकुर आले. आजोबांचे म्हणणे खरे ठरले.

उरलेले सगळे बी वाफ्यात पेरले गेले. रोपांना तीन-चार पाने आल्यावर दाट रोपे विरळ केली आणि दोन झाडांत एक फूट अंतर ठेवले. “रोप बोटाएवढे असते तोवरच त्याला हलवावे,” आजोबांनी बजावले. “पुढे सोटमूळ खोल जाते. मग हलवले तर ते तुटते आणि झाड दगावते.” युरोपातील बागांत मलीनच्या काही बहुवर्षायु संकरित जाती असतात. त्यांच्या बियांपासून मूळ झाडासारखेच झाड येईल असा भरवसा नसतो. म्हणून तेथील माळी थंडीच्या दिवसांत त्यांच्या जाड मुळांचे दोन-तीन इंचांचे तुकडे करून रेतीमिश्रित मातीत लावतात. परंतु वर्ष-दोन वर्षे जगणाऱ्या जातींची लागवड बियांपासूनच करावी लागते.

एके रात्री वीज गेली होती. अंगणात बसून आजोबांनी मुलांना एक गोष्ट सांगितली.

“अमेरिकेत मिशिगन राज्यात एक शेतकी महाविद्यालय होते. तेथे विल्यम जेम्स बील नावाचे प्राध्यापक होते. शेतकरी त्यांना विचारीत, ‘आम्ही दर वर्षी तण काढतो, तरी ते पुन्हा येते कोठून? तणाचे बी मातीत किती वर्षे टिकते?’ बील यांनी नुसते अनुमान सांगितले नाही. १८७९ साली त्यांनी वीस बाटल्या घेतल्या. ओलसर रेतीत वीसहून अधिक प्रकारच्या वनस्पतींचे बी मिसळले, प्रत्येकाच्या पन्नास बिया मोजून. ती रेती बाटल्यांत भरली आणि पाणी साचू नये म्हणून बाटल्यांची तोंडे खाली करून त्या जमिनीत पुरल्या. दर पाच वर्षांनी एक बाटली काढायची आणि बी पेरून पाहायचे, असा त्यांचा बेत होता.”

“म्हणजे शंभर वर्षे!” ताई म्हणाली. “मग ते स्वतः शेवटची बाटली कशी पाहणार?”

“ते त्यांना ठाऊक होते. तरी त्यांनी काम सुरू केले. पहिल्या काही बाटल्या त्यांनी काढल्या, आणि निवृत्त होताना ते काम दुसऱ्याच्या हाती सोपवले. १९२४ साली ते वारले. दुसऱ्याने तिसऱ्याच्या हाती दिले. बी फार टिकते असे दिसल्यावर पुढच्या लोकांनी मुदत वाढवून आधी दहा व नंतर वीस वर्षे केली. बाटल्या कोठे पुरल्या आहेत हे फक्त थोड्या माणसांना ठाऊक असते. बियांवर सूर्याचा उजेड पडू नये म्हणून बाटली अंधारात, मंद दिवा घेऊन काढतात. २००० साली, म्हणजे १२० वर्षांनी, एक बाटली उघडली. बहुतेक सारे बी मेले होते. पण एका वनस्पतीच्या पन्नास बियांपैकी तेवीस उगवल्या. ती वनस्पती कोणती असेल?”

“मलीन!” दोघेही ओरडले.

“होय. मलीनचीच एक जात. पुढची बाटली २०२० साली काढायची होती. पण करोनाच्या साथीमुळे ती २०२१च्या एप्रिलमध्ये काढली. तेव्हाही वीस बिया उगवल्या. १४१ वर्षे अंधारात काढलेल्या त्या बिया होत्या. अजून चार बाटल्या जमिनीत आहेत. शेवटची २१०० साली निघेल.”

धाकट्याने बोटांवर आपले वय मोजून पाहिले. पण बोटे पुरली नाहीत.

त्या वर्षी पौष महिन्यात घरात एक निश्चित बोलणे झाले. घर फार जुने झाले होते. वासे कुजले होते. ते पाडून तेथे इमारत उभी राहायची होती. इमारत पूर्ण होईपर्यंत कुटुंबाने चरईत भाड्याच्या जागेत राहायचे होते. माघ महिन्याच्या अखेरीस घर रिकामे करून द्यावे लागणार होते. आजोबांनी सर्व ऐकून घेतले. “मुलांना चांगले घर मिळेल,” एवढेच ते बोलले. परंतु त्या संध्याकाळी ते बराच वेळ वाफ्याजवळ उभे होते.

वाफ्यात चौदा झाडे होती. सर्वांचे दांडे निघाले होते, कळ्या दिसत होत्या. पण बी धरायला अजून दोन-तीन महिने लागणार होते. मागच्या वर्षीचे बी शिल्लक नव्हते.

“माझी चूक झाली, पोरी,” आजोबा म्हणाले. “सगळे बी एकदम पेरू नये. निम्मे राखून ठेवावे. आजवर हे मी दहा जणांना सांगितले असेल, आणि स्वतःच विसरलो.”

ताईला ते पाहवेना. दुसऱ्या दिवशी शाळेतून आल्यावर तिने कोणाला न विचारता खुरपे घेतले आणि एक झाड मुळासकट काढण्याचा प्रयत्न केला. तिने भोवती खोल खणले, मातीचा गड्डा सांभाळला; परंतु सोटमूळ विटांच्या थरात शिरले होते. ते मध्येच तुटले. तिने ते झाड डब्यात लावले, पाणी घातले, सावलीत ठेवले. रात्रीपर्यंत दांडा वाकला आणि सकाळी कळ्या माना टाकून पडल्या. ताईने रडत रडत आजोबांना सर्व सांगितले. आजोबा रागावले नाहीत. ते म्हणाले, “तुझ्या हातून एक झाड गेले, पण उरलेली तेरा तशीच हलवायची नाहीत, हे तरी आता पक्के झाले.”

त्या रात्री ताईला बराच वेळ झोप लागली नाही. तिला दुसरी कुंडी आठवली. ‘मेले नाही, थांबले आहे.’ तिला जमिनीतल्या बाटल्या आठवल्या. पहाटे ती आजोबांच्या खाटेजवळ गेली.

“आजोबा, झाडे नेता येणार नाहीत. पण आपण माती नेऊ शकतो.”

“माती?”

“पहिल्या पिवळ्या काठीचे अर्धे बी बुंध्याशी सांडले होते. तुम्हीच म्हणालात की ते दूर जात नाही. ते तेथेच असेल. काही उगवले असेल. पण काही मातीखाली दबून थांबले असेल. त्या प्राध्यापकांच्या बाटल्यांत तरी काय होते? रेती आणि बी. आपली बाटली म्हणजे आपले अंगणच आहे.”

आजोबा उठून बसले. थोडा वेळ ते काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, “खरेच की! माझ्या हे ध्यानातच आले नाही.”

त्याच दिवशी, जेथे पहिली पिवळी काठी उभी होती तेथील वरची चार बोटे माती दोघांनी खरवडून घेतली. ती एका मोठ्या टोपलीत भरली. घर सोडताना सामानाच्या टेंपोत भांडी, कपाटे, अंथरुणे चढली आणि सर्वांत शेवटी टोपली चढली.

चरईतील जागा तिसऱ्या मजल्यावर होती. टोपली गोणपाटाखाली झाकून गॅलरीच्या कोपऱ्यात ठेवली. उन्हाळा गेला, पावसाळा आला. आजोबांचे गुडघे दुखू लागले. त्यांचे जिने उतरणे बंद झाले. आईने दोनदा विचारले, “ही माती अजून किती दिवस ठेवायची? कपडे वाळत घालायला जागा नाही.” ताई म्हणाली, “आश्विनापर्यंत.” आईने तिच्या तोंडाकडे पाहिले व पुन्हा विचारले नाही.

पाऊस ओसरला. ताई आता सातवीत होती. तिने तीन पसरट कुंड्या मिळवल्या, त्यांत रेती पसरली आणि टोपलीतील बरीचशी माती तिच्यावर पातळ थरात घातली. सकाळचे ऊन येईल अशा जागी कुंड्या ठेवल्या. रोज सकाळी ती हाताने पाणी शिंपडी. आठ दिवस काहीच दिसले नाही. नवव्या दिवशी एक हिरवी सुई दिसली. ते गवत होते. मग आणखी गवत आले, आघाडा आला, दुर्वा आल्या. धाकटा रोज विचारी, “यात आपली कोणती?” ताईला उत्तर देता येत नसे.

चौदाव्या दिवशी आजोबा काठी टेकीत गॅलरीत आले. त्यांनी भिंग काढले आणि एकेक कुंडी न्याहाळू लागले. तिसऱ्या कुंडीपाशी ते थांबले.

“ताई, हे बघ. पानाच्या अंगावर काय दिसते?”

ताईने भिंगातून पाहिले. टाचणीच्या डोक्याएवढ्या त्या पानांवर बारीक लव चमकत होती.

तीनही कुंड्यांत मिळून अकरा रोपे निघाली. ती बोटाएवढी असतानाच ताईने ती उंच डब्यांत हलवली. डब्यांच्या तळाशी विटांचे तुकडे घालायला ती विसरली नाही. दोन रोपे दगावली, नऊ जगली. फाल्गुनात गॅलरीच्या कठड्यावरून पिवळ्या फुलांचे नऊ दांडे दिसू लागले. खालून जाणारे लोक मान वर करून पाहत. आजोबांची खुर्ची आता तेथेच असे.

वैशाखात बी पिकले. ताईने ते कागदावर झटकून घेतले आणि त्याचे दोन सारखे भाग केले. एक भाग पेरण्यासाठी ठेवला. दुसऱ्या भागाच्या पुड्या केल्या, त्यांवर वनस्पतीचे नाव व तारीख लिहिली आणि वर्गातील मैत्रिणींना दिल्या. पुडीवर एक ओळ अधिक होती: ‘निम्मे पेरावे, निम्मे राखावे.’

खोपटातील इमारत अजून पुरी झालेली नव्हती. तिच्या कुंपणालगत हातभर रुंदीची जमीन मोकळी राहणार होती, असे वडिलांनी सांगितले. टोपलीच्या तळाशी तीन-चार ओंजळी जुनी माती उरली होती. आई म्हणाली, “ही आता टाकून द्यायची ना?”

“नाही आई,” ताई म्हणाली, “ही तिच्या जागी परत न्यायची आहे.”

तिने त्या मातीवर गोणपाट घातले, कडेला चिठ्ठी बांधली आणि टोपली पुन्हा कोपऱ्यात ठेवली. धाकट्याने चिठ्ठी वाचली. तिच्यावर घराचा जुना पत्ता होता, माती भरल्याची तारीख होती आणि खाली लिहिले होते: ‘बी थांबले आहे.’

स्वाध्याय

१. पुढील प्रश्नांची उत्तरे लिहा.
(अ) पिवळी काठी आजोबांच्या परसात कशी आली?
(आ) मलीनचे बी मातीत खोल का पेरू नये?
(इ) बील यांनी बाटल्यांची तोंडे खाली का केली असावीत? बाटल्या रात्रीच्या अंधारात का काढतात?
(ई) आजोबांनी आपली कोणती चूक कबूल केली?

२. कारणे द्या.
(अ) वाढलेले मलीनचे झाड हलवल्यास दगावते.
(आ) गोणपाटाखालच्या टोपलीत पावसाळ्यात काहीही उगवले नाही.
(इ) दूरदेशीचे बी आपल्या रानात टाकू नये.

३. ‘मेले नाही, थांबले आहे’ हे वाक्य पाठात कोणी, कोणाला व केव्हा म्हटले? त्याचा ताईला पुढे कसा उपयोग झाला?

४. पुढील शब्दांचे अर्थ सांगून वाक्यांत उपयोग करा: शिदोरी, सोटमूळ, बहुवर्षायु, दगावणे, न्याहाळणे.

५. उपक्रम: शाळेच्या आवारातील दोन ठिकाणची टोपलीभर वरची माती आणा. ती दोन पसरट कुंड्यांत पातळ पसरा व रोज पाणी शिंपडा. महिनाभर कोणकोणती रोपे उगवतात त्यांची तारखेसह नोंद ठेवा. अनोळखी रोपांची पाने तोंडात घालू नका. नाव कळेपर्यंत एकही रोप उपटू नका.